तीनदा गेलेला टर्बो

एका मालवाहू ट्रकचा टर्बो, म्हणजे धुराच्या जोराने फिरून इंजिनात जादा हवा दाबून भरणारा भाग, सहा महिन्यांत दोनदा बदलून झाला होता आणि तिसराही निकामी झाला, तेव्हा तो ट्रक तपासणीसाठी माझ्याकडे आला. आधीच्या दोन्ही वेळी बसवलेले टर्बो नवे आणि चांगल्या प्रतीचे होते, बोल्ट योग्य जोराने आवळलेले होते आणि गॅस्केटही नवी घातलेली होती. मी टर्बो उतरवला तेव्हा त्याचा शाफ्ट उष्णतेने निळसर पडलेला दिसला आणि बेअरिंग पार झिजून गेलेले होते. एवढ्यावरून तेल कमी पडले हे उघड होते. म्हणून इंजिनाकडून टर्बोला तेल पोचवणारी बारीक नळी काढली आणि ती लांबीच्या दिशेने चिरून पाहिली. आतल्या बाजूस जळलेल्या तेलाचा कोळशासारखा कडक थर साचला होता आणि मधोमध जेमतेम टाचणी जाईल एवढीच वाट उरली होती. प्रत्येक नवा टर्बो त्याच नळीला जोडला गेला होता आणि प्रत्येक टर्बो तेलावाचून मेला होता.

नळीत तेल का जळले, याचे उत्तर चालकाशी बोलल्यावर मिळाले. त्याच्या नेहमीच्या मार्गावर एक लांबलचक चढ होता आणि चढ संपताच विसाव्याची जागा होती. तिथे पोचताक्षणी तो इंजिन बंद करीत असे. भरलेली गाडी चढ चढत असताना टर्बाइनकडे येणारे वायू ६०० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असतात आणि टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेत असतो. इंजिन बंद केले की तेलाचा पंप थांबतो, परंतु टर्बोच्या लोखंडात साठलेली उष्णता थांबत नाही. ती शाफ्टकडे आणि नळीच्या तोंडाकडे सरकते आणि तिथे अडकलेले तेल जागच्या जागी भाजून निघते. इंजिन बंद करण्यापूर्वी तीन ते पाच मिनिटे ते आयडलवर, म्हणजे भाराविना मंद गतीने, चालू ठेवले असते, तर फिरत्या तेलानेच ही उष्णता वाहून नेली असती. नवी नळी घातली, तेल आणि फिल्टर बदलले, चालकाने सवय बदलली आणि चौथा टर्बो टिकला.

मालवाहू ट्रकच्या डिझेल इंजिनांशी माझा अनेक वर्षांचा संबंध आहे आणि या काळात एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली आहे. जो भाग मोडतो तो बदलला जातो, आणि त्याला ज्याने मोडले ते कारण इंजिनातच राहून जाते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे आपल्याकडे म्हणतात, ते डिझेल इंजिनाच्या दुरुस्तीला तंतोतंत लागू पडते. म्हणून नेहमी आढळणाऱ्या बिघाडांविषयी लिहिताना केवळ लक्षणे न सांगता, त्या लक्षणांच्या मागे कुठपर्यंत जावे लागते, हे मी येथे सांगणार आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये आलेली हवा पिस्टन तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे पंधराव्या ते अठराव्या हिश्श्यापर्यंत दाबतो, त्या दाबाने ती ५०० अंशांच्या वर तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल यांचे यशस्वी इंजिन १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे चालले, तेव्हापासून हे तत्त्व तसेच राहिले आहे. बदलत गेली ती फवारणी. आरंभी डिझेल दाबाखालच्या हवेच्या झोताने आत ढकलले जाई, १९२७ पासून बॉश कंपनीचे इंजेक्शन पंप मोठ्या संख्येने तयार होऊ लागले, आणि १९९५ साली जपानच्या डेन्सो कंपनीने ट्रकसाठी कॉमन रेल पद्धत, म्हणजे सर्व इंजेक्टरना (डिझेल फवारणाऱ्या भागांना) एकाच सामाईक नळीतून मोठ्या दाबाचे डिझेल पुरवण्याची पद्धत, बाजारात आणली. आजच्या कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब १६०० ते २५०० बारपर्यंत जातो (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेचा दाब), नोझलची छिद्रे मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांएवढी असतात आणि इंजेक्टरमधील सुई व तिच्या मार्गदर्शक नळीतील फट अवघी दोन-तीन मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे डोळ्यांना न दिसणारी धूळ या यंत्रणेची काय अवस्था करीत असेल, हे समजते. जुन्या इंजिनाने जे डिझेल निमूटपणे पचवले असते, त्याच डिझेलने नव्या इंजिनाचे इंजेक्टर निकामी होतात.

म्हणूनच इंधनापासून सुरुवात करणे योग्य ठरते. डिझेलचा सर्वांत जुना शत्रू पाणी आहे आणि ते बहुतेक वेळा टाकीतच तयार होते. रात्रभर अर्धी रिकामी राहिलेली टाकी थंड होते, आतल्या दमट हवेतील बाष्प तिच्या भिंतींवर जमते आणि थेंब तळाशी उतरतात; पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे ते खालीच राहते आणि तेथूनच ओढले जाते. पाण्यामुळे पंप आणि इंजेक्टरच्या अतिशय गुळगुळीत घासलेल्या पृष्ठभागांना गंज धरतो आणि डिझेलने मिळणारे वंगणही तुटते. डिझेलमधून पाणी वेगळे करणाऱ्या वॉटर सेपरेटरच्या तळाची चावी रोज सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी उघडून पाणी काढणे, हे दोन मिनिटांचे काम आहे, आणि पाहण्यात आलेल्या कितीतरी गाड्यांमध्ये ती चावी गंजून घट्ट झालेली होती, म्हणजे ती कधी उघडलीच गेली नव्हती.

पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना भिडतात, त्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात. त्यांचा काळपट-तपकिरी बुळबुळीत थर फिल्टरवर बसतो, गाडीचा जोर कमी होतो, फिल्टर बदलला जातो आणि काही दिवसांनी तोच प्रकार पुन्हा घडतो. महिन्याभरात तीन फिल्टर तुंबले, तर चौथा विकत आणण्यापूर्वी टाकी उतरवून आतून पाहावी, असे मी आग्रहाने सांगतो. कडाक्याच्या थंडीत मात्र फिल्टर तुंबण्याचे कारण वेगळे असते. डिझेलमधील मेणाचे कण गोठून फिल्टरची जाळी झाकतात. तिथे थंडीसाठी बनवलेले डिझेल किंवा फिल्टर तापवण्याची सोय हाच उपाय आहे.

फिल्टर बदलताना होणारी एक चूक इतकी सर्रास आढळते की तिच्याविषयी स्वतंत्रपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. इंजिन लवकर सुरू व्हावे म्हणून नवा फिल्टर डब्यातील डिझेलने आधीच भरून बसवण्याची पद्धत जुन्या इंजिनांवर रूढ झाली. दुय्यम, म्हणजे दुसऱ्या, अधिक बारीक गाळणाऱ्या फिल्टरच्या मधल्या छिद्रातून असे डिझेल ओतले, तर ते फिल्टरच्या स्वच्छ बाजूला जाते आणि त्यातील प्रत्येक कण न गाळता थेट उच्चदाब पंपाकडे आणि इंजेक्टरकडे पोचतो. ज्या वस्तूने इंजेक्टरचे रक्षण करायचे, तिच्याच हाती आपण घाण सोपवतो. फिल्टर कोरडाच बसवावा आणि हातपंपाने किंवा विजेच्या पंपाने डिझेल भरून घ्यावे. त्याला जो वेळ लागतो तो लागू द्यावा.

दुसरा त्रास हवेचा. टाकीपासून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपापर्यंतच्या नळीत डिझेल ओढले जात असते, म्हणजे तेथील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. या भागात एखादा जोड सैल झाला किंवा रबरी नळीला बारीक चीर गेली, तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. बाहेरून सगळे कोरडे आणि व्यवस्थित दिसते, पण गाडी सकाळी लवकर सुरू होत नाही, सुरू झाल्यावर मिसिंग करते, कधी थोडे अंतर जाऊन बंद पडते. रात्रभर उभी राहिल्यावर डिझेल टाकीकडे परत उतरते आणि नळी हवेने भरते, हे या दोषाचे खास लक्षण आहे. पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात आणि तर्क करण्याची गरज उरत नाही. इंजेक्टरच्या बाजूची गळती शोधताना मात्र कोणीही हात लावू नये. कॉमन रेलच्या दाबाने निघालेली केसाएवढी धार कातडी भेदून डिझेल शरीरात सोडते. जखम टोचल्यासारखी किरकोळ दिसते, पण आतले मांस सडू लागते आणि तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते. गळती पाहायची तर पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरावा आणि दाब उतरल्याखेरीज एकही नट सैल करू नये.

इंजेक्टर खराब झाला आहे का, हे ठरवण्यासाठी सहाही इंजेक्टर बदलण्याची गरज नसते. प्रत्येक इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणारे डिझेल खुणा केलेल्या वेगवेगळ्या नळ्यांत ठरावीक वेळ गोळा केले की कोणता इंजेक्टर आतून गळतो आहे, ते समोर येते. सुई पूर्ण बंद न होणारा इंजेक्टर सर्वांत घातक, कारण तो डिझेल फवारण्याऐवजी टपकवतो. टपकलेले डिझेल पिस्टनच्या माथ्यावर एकाच जागी जळते आणि तिथे भोक पडू शकते; जे जळत नाही ते सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरते. अशा इंजिनाच्या डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते. पातळी कमी झाली की सर्वांना काळजी वाटते, पण न भरता वाढलेली पातळी त्याहून गंभीर आहे, याची जाणीव फार थोड्यांना असते.

धुराच्या रंगावरून निदान करण्याची पद्धत जुनी आहे आणि योग्य रीतीने वापरली तर आजही उपयोगी पडते. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा अपुरी पडते आहे. म्हणून काळा धूर दिसताच इंजेक्टरला दोष देण्याआधी एअर फिल्टर, इंटरकूलरचे (टर्बोने दाबलेली हवा गार करणाऱ्या भागाचे) पाइप आणि टर्बोचा दाब पाहावा. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो आणि त्याची वाट पिस्टनच्या रिंग, व्हॉल्व्हचे सील किंवा टर्बोचे सील यांपैकी कोठूनही असू शकते. पांढरा धूर दोन प्रकारचा असतो. थंड इंजिनातून निघणारा, डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा असतो आणि इंजिन तापल्यावर तो थांबला, तर फार चिंता नसावी. इंजिन तापल्यावरही राहणारा आणि गोडसर वास येणारा पांढरा धूर मात्र कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारे द्रावण, सिलिंडरमध्ये किंवा एक्झॉस्टमध्ये (धुराच्या नळीत) शिरल्याची खूण आहे. नव्या गाड्यांत पार्टिक्युलेट फिल्टर काजळी अडवून धरत असल्यामुळे काळा धूर बाहेर येतच नाही, म्हणून तिथे ही परीक्षा पुरेशी नाही, हे लक्षात ठेवावे लागते.

हवेच्या मार्गाविषयी थोडक्यात सांगतो. एअर फिल्टर तुंबला तर गाडी जोर धरत नाही आणि डिझेल जास्त पिते, एवढेच नुकसान होते. फिल्टर फाटला किंवा त्याच्या पुढच्या नळीची पट्टी सैल राहिली, तर होणारे नुकसान कित्येक पटींनी मोठे असते, कारण वाळूचे बारीक कण लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती सिलिंडरची नळी) आणि रिंग यांच्यामध्ये कानशीसारखे काम करतात आणि हजारो तास टिकणारे इंजिन अल्पकाळात ब्लो-बाय देऊ लागते, म्हणजे जळलेले वायू रिंगांच्या कडेने खाली निसटू लागतात. फिल्टरचा कागद दाबाखालच्या हवेने फुंकून पुन्हा वापरणे मला यासाठीच मान्य नाही. कागदाला पडलेली सूक्ष्म भोके दिसत नाहीत आणि वाचवलेल्या फिल्टरची किंमत लायनर देतात.

ज्या विषयाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते आणि ज्याने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले आहे, तो कूलंटचा आहे. अवजड ट्रकच्या अनेक इंजिनांत ओले लायनर असतात, म्हणजे लायनरची बाहेरची बाजू थेट पाण्यात असते. प्रत्येक स्फोटाबरोबर पिस्टन लायनरवर एका बाजूने आदळतो, लायनर घंटेसारखा थरथरतो, आणि तो पाण्यापासून झटकन मागे सरला की त्या क्षणी तेथील दाब इतका कमी होतो की वाफेचे सूक्ष्म बुडबुडे तयार होतात. लायनर पुन्हा पुढे आला की ते बुडबुडे फुटतात आणि त्यांचा तडाखा लोखंडाच्या एकाच ठिकाणी बसत राहतो. अशा लक्षावधी तडाख्यांनी लायनरला बाहेरून आत जाणारी बारीक छिद्रे पडतात. एका इंजिनाचा लायनर मी उजेडासमोर धरला, तेव्हा त्याच्या एका बाजूला उभ्या पट्ट्यात टोचणीने भोसकल्यासारख्या खुणा होत्या आणि त्यांपैकी दोन आरपार गेलेल्या होत्या. त्या इंजिनात साधे पाणी भरले जात होते. मालकाने मला विचारले की पाण्याने लोखंडाला भोक कसे पडेल, आणि लायनर हातात देण्यापलीकडे मला काही समजावून सांगावे लागले नाही.

कूलंटमधील रसायने लायनरवर एक पातळ संरक्षक थर धरतात आणि बुडबुड्यांचा तडाखा तो थर सोसतो. थर झिजला की पुन्हा तयार होतो. त्यामुळे कूलंट हे केवळ थंडीत पाणी गोठू नये म्हणून नसते. ग्लायकॉल आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे घेतले तर गोठणबिंदू उणे ३७ अंशांच्या आसपास जातो, उत्कलनबिंदू वाढतो, आणि या रसायनांचे प्रमाणही योग्य राहते. वाटेत पातळी कमी झाली म्हणून दर वेळी साधे पाणी ओतत गेले, की काही महिन्यांत रेडिएटरमध्ये रंगीत पाण्याखेरीज काही उरत नाही. कूलंटच्या रंगावर विश्वास ठेवून दोन वेगवेगळ्या जातींची मिसळ करणेही टाळावे, कारण रंग हा उत्पादकाच्या निवडीचा भाग आहे आणि आतले रसायन त्यावरून ओळखता येत नाही.

छिद्रातून सिलिंडरमध्ये उतरलेले कूलंट रात्रभरात साचले, तर सकाळी सेल्फ मारताच पिस्टन त्याला दाबायला जातो. द्रव दाबला जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन अचानक अडल्यासारखे झाले, तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारण्याचा मोह कटाक्षाने आवरावा आणि आधी इंजेक्टर काढून सिलिंडर रिकामे आहेत का, ते पाहावे.

इंजिन तापण्याची कारणे अनेक आहेत. रेडिएटरच्या जाळीत अडकलेली धूळ आणि किडे, सैल पट्टा, न गुंतणारा फॅन क्लच, दाब न धरणारे झाकण, अडकलेला थर्मोस्टॅट, झिजलेला पाण्याचा पंप, आणि अखेरीस हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे, गॅस्केट. थर्मोस्टॅट काढून टाकून गाडी चालवण्याचा उपाय फार लोकप्रिय आहे आणि मला तो अत्यंत चुकीचा वाटतो. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन एरवी थंडच राहते, थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, ऑइल लवकर खराब होते आणि लायनरची झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचा मार्ग बंद करीत असतो. तो काढला की पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरत राहते आणि गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापते. आणखी एक गोष्ट प्रत्येक चालकाला ठाऊक असायला हवी. तापमानाचा काटा पाण्याचे तापमान मोजतो. पाइप फुटून सगळे पाणी निघून गेले, तर सेन्सर हवेत उघडा पडतो आणि काटा खाली येऊ शकतो, त्याच वेळी हेड वाकत असते. चढावर काटा आधी वर जाऊन मग अचानक उतरला, तर त्याला दिलासा समजू नये. गाडी लगेच बाजूला घ्यावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नये, कारण एकाने माणूस भाजतो आणि दुसऱ्याने ब्लॉकला किंवा हेडला तडा जातो.

कूलंट कमी होते आहे पण बाहेर कुठेही गळत नाही, अशी तक्रार असेल तर ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर गार करणारा भाग) आणि ऑइल कूलर हे दोन भाग आधी तपासावेत. ईजीआर कूलरच्या पातळ नळ्या एका बाजूने जळत्या धुराला आणि दुसऱ्या बाजूने पाण्याला तोंड देत असतात, त्यामुळे त्यांना तडे जाण्याचे प्रमाण मोठे आहे. हेड उतरवण्याचा खर्च करण्याआधी कूलरवर दाबाची चाचणी घेतली, तर पुष्कळदा हेडला हात लावावा लागत नाही.

इंजिन ऑइलकडे मी इंजिनाचा दवाखान्यातील अहवाल म्हणून पाहतो. ऑइल काळे पडणे हा दोष नव्हे, काजळी स्वतःमध्ये धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. काळे पडले म्हणून घाबरणारे लोक पातळ झाले तरी स्वस्थ बसतात, याचे मला वाईट वाटते. ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला की त्यात सिलिकॉन वाढलेले आढळल्यास धूळ कुठूनतरी शिरते आहे, सोडियम किंवा पोटॅशियम आढळल्यास कूलंट मिसळते आहे, शिसे किंवा तांबे वाढल्यास बेअरिंग झिजू लागले आहे, असे अनुमान काढता येते. एका नमुन्यापेक्षा एकाच गाडीचे लागोपाठचे चार नमुने अधिक सांगतात, कारण महत्त्व आकड्यापेक्षा त्याच्या चढत्या क्रमाला असते. ऑइलचा दाब कमी दाखवू लागला तर जाड ऑइल भरून काटा वर आणणे म्हणजे ताप असताना थर्मामीटर बदलण्यासारखे आहे. दाब डिझेल मिसळल्यामुळे उतरला, पंपाच्या जाळीत घाण अडकल्यामुळे उतरला, की बेअरिंगची फट वाढल्यामुळे उतरला, हे ठरल्याखेरीज गाडी पुढे नेऊ नये, कारण बेअरिंग आपल्या जागेवरून फिरले की क्रँकशाफ्टही हातचा जातो.

नव्या गाड्यांच्या तक्रारींत सर्वांत मोठा वाटा धूर स्वच्छ करणाऱ्या यंत्रणेचा असतो आणि तिच्याविषयी गैरसमजही तितकेच आहेत. पार्टिक्युलेट फिल्टर काजळी अडवतो आणि ठरावीक काळाने ५५० ते ६५० अंश तापून ती जाळून टाकतो. गाडी लांब पल्ल्यावर भार घेऊन चालत असेल तर हे काम सहज होते. तासन्‌तास आयडलवर उभी राहणारी किंवा थांबत-थांबत जवळच्या फेऱ्या मारणारी गाडी मात्र तेवढी तापतच नाही. चालक ज्वलनाची क्रिया मध्येच तोडतो, काजळी वाढत जाते आणि शेवटी गाडीचा संगणक इंजिनाची ताकद कमी करतो. काजळी जळते, पण ऑइलमधील धातुयुक्त घटकांपासून उरलेली राख जळत नाही, ती फिल्टर उतरवून साफ करावी लागते. म्हणूनच अशा गाड्यांना कमी राखेचे ऑइल सांगितलेले असते आणि दुसरे कोणतेही चांगले ऑइल त्या जागी चालत नाही. फिल्टर वारंवार भरत असेल तर त्याला धुण्यापूर्वी टपकणारा इंजेक्टर, टर्बोच्या सीलमधून जाणारे ऑइल, फुटलेला इंटरकूलर पाइप आणि अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह शोधावा. फिल्टर या सर्वांच्या शेवटी बसलेला असतो आणि मागच्या प्रत्येकाची घाण त्याच्या पदरात पडते.

धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करण्यासाठी वापरले जाणारे युरियाचे द्रावण ३२.५ टक्के शुद्ध युरियाचे असते आणि उणे ११ अंशांना गोठते. त्याचे स्फटिक नोझलवर जमून पांढरा कडक खडा तयार होतो, आणि द्रावण हलक्या प्रतीचे असेल किंवा एक्झॉस्ट पुरेसा तापत नसेल, तर तो लवकर तयार होतो. शेतीच्या खताचा युरिया साध्या पाण्यात कालवून भरणाऱ्यांनी त्यातील क्षार आणि इतर अशुद्ध घटक उत्प्रेरकाला कायमचे निकामी करतात, हे ध्यानात घ्यावे. युरियाच्या टाकीत चुकून डिझेल गेले, तर चावीही न फिरवता टाकी रिकामी करून घ्यावी, कारण पंप चालू होताच डिझेल पुढच्या सगळ्या रबरी भागांपर्यंत पोचते.

सकाळी सुरू न होणाऱ्या गाडीची कहाणी बहुतेक वेळा साधी असते. डिझेल इंजिनाला पेटायला लागणारी उष्णता केवळ हवा वेगाने दाबल्याने मिळते, म्हणून सेल्फने इंजिन हळू फिरवले तर डिझेल पोचूनही पेटत नाही. बॅटरी नवी असूनही वेग येत नसेल, तर जाड वायरींची टोके आणि चॅसिसची अर्थिंग साफ करून पाहावी. गंजलेल्या एका जोडात जेवढा व्होल्टेज खर्च होतो, तेवढा सेल्फपर्यंत पोचतच नाही.

क्वचित घडणारी पण जिवावर बेतणारी एक अवस्था म्हणजे चावी बंद करूनही इंजिन वाढत्या वेगाने फिरत राहणे. टर्बोच्या फुटलेल्या सीलमधून किंवा ब्रीदरमधून (इंजिनाच्या तळातील वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) इंजिनाचे स्वतःचेच ऑइल हवेबरोबर आत जाऊ लागले की तेच इंधन बनते आणि डिझेल तोडून काही उपयोग होत नाही. अशा वेळी हवा बंद करणे हाच मार्ग आहे. हवेच्या तोंडावर मजबूत फळी दाबावी किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक आत सोडावे. हात किंवा कापड कदापि लावू नये आणि हे शक्य नसेल तर सर्वांनी इंजिनापासून दूर व्हावे.

आता बिघाड नोंदवणाऱ्या, गाडीच्या संगणकाच्या कोडविषयी. कोड खोटे बोलत नाही, पण तो फक्त परिणाम सांगतो. रेलमधील दाब कमी आहे, असा कोड आला म्हणजे पंप खराब आहे, असे ठरत नाही, आणि तरीही कोड वाचून थेट पंपाची मागणी नोंदवली जाते. एका गाडीला हाच कोड येत होता. भार घेऊन तासभर चालल्यावर तिचा जोर उतरे आणि उच्चदाब पंप बदलण्याचे जवळजवळ ठरले होते. मी चालकाला नेहमीचे प्रश्न विचारले. त्रास थंड इंजिनात होतो की तापल्यावर, रिकाम्या गाडीत होतो की भरलेल्या, डिझेल भरल्यानंतर होतो का, आणि त्याआधी कोणते काम झाले होते. त्याने जरा विचार करून सांगितले की दहा मिनिटे बंद करून थांबले की गाडी पुन्हा तासभर नीट चालते, आणि महिन्याभरापूर्वी टाकीचे झाकण हरवले होते तेव्हा काही दिवस तोंडाला फडके बांधले होते.

झिजलेला पंप दहा मिनिटांच्या विश्रांतीने बरा होत नाही. ओढ थांबल्यावर सुटून खाली पडणारी एखादी वस्तू मात्र असे करू शकते. टाकी उतरवली, डिझेल गाळून काढले, तेव्हा तळहाताएवढा कापडाचा तुकडा हाती लागला. इंजिन जोरात ओढू लागले की तो तरंगत येऊन सक्शन पाइपच्या जाळीला चिकटत असे आणि इंजिन बंद झाले की गळून पडत असे. तुकडा काढला, टाकी धुतली, दोन्ही फिल्टर बदलले. तो पंप अजूनही त्याच गाडीवर चालू आहे.